कच्छचे नाण्यासारखे दगड: जीव एक, नावं दोन. हे चालतं कसं?

चुनखडी

कच्छमध्ये लखपत-नारायण सरोवराच्या बाजूला गेलेल्यांनी पाहिलं असेल, काही ठिकाणी जमिनीवर नाण्यासारखे गोल चपटे दगड नुसते पसरलेले असतात. हे न्यूम्युलाइट. चारेक कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, त्यातल्या एकपेशीय जीवांची ही कवचं. इथवर मला कळलं.

माझी भाची भूशास्त्रात एम.एस्सी. करतेय. तिच्याकडे एक जुनी यादी होती, त्यात एकाच थरातल्या मोठ्या चकत्यांना एक नाव आणि छोट्या चकत्यांना दुसरं. मी विचारलं, हे दोन वेगळे जीव का? तर म्हणाली, "नाही मावशी, जीव एकच. पूर्वी दोन नावं द्यायचे. अजूनही काही जण लिहितात."

मी अकाउंट्सवाली. आमच्याकडे एका माणसाची दोन पॅन कार्डं निघाली तर दंड होतो. इथे पिढ्यानपिढ्या खपवून घेतलं म्हणे.

तर माझं मत मांडते, तुटून पडा. जिवंत प्राण्यांत निदान कोणाची कोणापासून पिल्लं होतात ते बघता येतं, डीएनए काढता येतो. इथे हातात फक्त कवच. म्हणजे जीवाश्मांच्या 'प्रजाती' ह्या निसर्गात नसतातच, अभ्यासकांनी सोयीसाठी उघडलेल्या फायली असतात. ज्याला जेवढ्या हव्या तेवढ्या उघडाव्यात. चुकत असेन तर पटवून द्या.

टवाळपक्षी

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही तीन नावं आहेत. त्यातलं एकच चारचौघांत घेता येतं.

निवृत्त_सूक्ष्मजीवी

चुनखडीताई, प्रश्न झकास आहे. तेलाच्या विहिरींतली माती चाळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी पिढ्यांचं. फोरॅमिनिफेरा (आम्ही नुसतं फोरॅम म्हणतो) आलटून पालटून दोन तऱ्हांनी जन्मतात. एका पिढीत मोठ्या पेशीचेच विभाजन होऊन पिल्लं होतात. ह्यांचा पहिला कप्पा सुरुवातीलाच चांगला मोठा असतो, आणि कवच लहान राहतं. हे ए रूप. ही पिढी युग्मकं (मिलनासाठीच्या बीजपेशी) सोडते, त्यांच्या मिलनातून पुढची पिढी येते. तिचा पहिला कप्पा नुसत्या डोळ्याला दिसतही नाही, पण कवच वाढत वाढत भलं मोठं होतं. हे बी रूप. गिझाच्या पिरॅमिडांच्या चुनखडीत जे न्यूम्युलाइट आहे त्याचं बी रूप काही सेंटिमीटरचं, ए रूप काही मिलिमीटरचं. दोन्ही शेजारी ठेवून "हे एकच आहे" असं सांगितलं तर शहाण्या माणसालाही पटणार नाही. एकोणिसाव्या शतकात नावं देणाऱ्यांना तरी का पटावं? १८८० च्या सुमारास म्युनिए-शाल्मा ह्या फ्रेंच अभ्यासकाने जोड्यांचा मुद्दा काढला आणि १८९५ मध्ये लिस्टर ह्यांनी जिवंत फोरॅमवर पिढ्यांचं चक्र दाखवलं. तोवर नावांचा ढीग लागला होता.

आता 'हातात फक्त कवच' ह्याबद्दल. भाचीला विचारा, तिने एखादं न्यूम्युलाइट फोडलंय का. चिमट्यात धरून ज्योतीवर चांगलं तापवायचं आणि पटकन थंड पाण्यात टाकायचं. नशीब असेल तर पोळीचे पदर सुटावेत तशा मधोमध दोन चकत्या सुटतात. मग भिंगाखाली धरा. मधून बाहेर जाणारी वेटोळी दिसतील, आणि वेटोळ्यांच्या मध्ये आडवे पडदे. ते पडदे सरळ उभे आहेत की मागे कललेत, कप्पे उंच आहेत की लांबट, पहिल्या काही मिलिमीटरांत किती वेटोळी बसली, वेटोळी एकसारखी रुंदावतात की शेवटी दाटीवाटी होते, मधला पहिला कप्पा केवढा आहे. हे सगळं मोजायचं. बाहेरून सारखी दिसणारी दोन नाणी आतून साफ वेगळी निघतात, आणि बाहेरून वेगळी दिसणारी आतून एक. प्रजाती आम्ही ह्या मोजमापावर ठरवतो. ज्याला जेवढ्या हव्या तेवढ्या फायली असं नाही हो.

पेठकर_शंकासुर

धागाकर्तीला एक दुरुस्ती. 'जिवंत प्राण्यांत' असं लिहून पुढे 'इथे' म्हटलंय. फोरॅम हे प्राणी नव्हेत. एकपेशीय आहेत, प्राणिसृष्टीच्या बाहेरचे.

निवृत्त_सूक्ष्मजीवी

शंकासुर, बरोबर. पण गंमत बघा, त्यांची नावं मात्र प्राण्यांच्याच नियमावलीने ठरतात. डायटम आणि कॉकोलिथ हे बारीक कवचांचे जीव शैवालांकडे गेले, म्हणून त्यांना वनस्पतींची नियमावली. एकाच चमचाभर समुद्रमातीत दोन कायदे.

चुनखडी

काका, तापवून पाण्यात टाकायचं हे भन्नाट आहे. पण माझा प्रश्न राहिलाच. जोडी एकच आहे हे कळलं, मग दुसरं नाव रद्द का नाही झालं?

निवृत्त_सूक्ष्मजीवी

नियम साधा आहे: आधी छापलेलं नाव टिकतं. प्राण्यांसाठी मोजणी लिनियसच्या (सजीवांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रुजवणारा तो) ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून सुरू होते. पॅरिसच्या खोऱ्यातली एक प्रसिद्ध जोडी घ्या. बी रूप लीविगेटस, नाव १७९२ चं. ए रूप लमार्की, नाव १८५३ चं. एक प्रजाती मानली की लीविगेटस राहतं, लमार्की त्यात जातं.

पण अमुक ए हे तमुक बी चंच हे सिद्ध कसं करणार? एका थरात दोन्ही सापडली म्हणून? त्याच थरात आणखी तीन प्रजाती असतात. शिवाय ए रूपं शेकड्यांनी आणि बी मोजकी, असं बऱ्याचदा असतं. कधी लाटाप्रवाहांनी लहान कवचं वाहून नेलेली असतात आणि थरात नुसती मोठीच उरतात. म्हणून जोडी ठरवायला अनेक ठिकाणचे थर बघावे लागतात: दोन्ही एकदम येतात का, एकदम संपतात का, आतल्या पडद्यांची ढब जुळते का. हे होईपर्यंत दोन नावं शेजारी शेजारी लिहिणं हा खोटेपणा नाही, सावधपणा आहे.

आणि कच्छचं म्हणाल तर तिथल्या नावांना मुंबईचा वास आहे. बॉम्बे इंजिनियर्समधले कॅप्टन ग्रँट ह्यांनी कच्छचा भूशास्त्रीय नकाशा केला, तो वृत्तांत १८४० मध्ये लंडनला छापला गेला. त्यातल्या जीवाश्मांना नावं दिली सोवर्बी ह्यांनी. अक्यूटस, ऑब्टुसस, एक्स्पोनेन्स ही तुमच्या भाचीच्या वहीत असणारी नावं तिथली. ह्यातलं एक्स्पोनेन्स पुढे न्यूम्युलाइटमधून काढून असिलिना वंशात टाकलं. पण प्रजातीचं नाव आणि सोवर्बी, १८४० हे मागे तसंच राहतं.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्या खाड्यांच्या चिखलात अमोनिया नावाचं फोरॅम ढिगाने मिळतं (वायूचा काही संबंध नाही, लगेच विनोद करू नका). बारीक गोगलगायीसारखं वळलेलं. कॉलेजात असताना प्रत्येक अहवालात 'अमोनिया बेक्कारी' लिहायचो. कोणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

हे बेक्कारी मुळात इटलीतल्या रिमिनीच्या किनाऱ्यावरचं. लिनियसने १७५८ मध्येच नाव दिलं, तेही नॉटिलस ह्या वंशात टाकून, कारण तेव्हा हे इवलेसे शंखच वाटायचे. पुढे जगभर जे जे असं गोल वळलेलं दिसलं त्याला लोक बेक्कारी म्हणत गेले. २००४ मध्ये हेवर्ड आणि सहकाऱ्यांनी डीएनए बघून अमोनियाचे तेरा गट पाडले. तेव्हा गोव्याच्या चिखलातलं ते रिमिनीवालं असेल ही शक्यता कमीच.

टवाळपक्षी

म्हणजे बेक्कारीवर इतकी वर्षं बेकायदा वास्तव्याचा आरोप.

तर्ककर्कश

मांडवीकाठ ह्यांनी धागाकर्तीची बाजू भक्कम केली. कवच बघून एक म्हणत होते, डीएनए बघितल्यावर तेरा निघाले. म्हणजे कवच फसवतं. आता जे चार कोटी वर्षांपूर्वी मेले त्यांचा डीएनए मिळणार नाही. मग न्यूम्युलाइटच्या प्रत्येक नावामागे किती प्रजाती दडल्यात हे कोणालाच कधी कळणार नाही. सूक्ष्मजीवी काका कितीही पडदे मोजोत.

उत्तरध्रुव

तर्ककर्कश, अर्धीच गोष्ट सांगताय. त्याच अभ्यासात डीएनएने गट पाडल्यावर कवचं पुन्हा मोजली, तेव्हा गटागटांत कवचाचेही फरक दिसले. छिद्रांचा व्यास वगैरे. फरक आधीपासून होते, कोणी बघितले नव्हते. मी जर्मनीत ह्याच विषयात काम करते, म्हणून दुसरं उदाहरण देते.

थंड समुद्रात तरंगणारं एक फोरॅम आहे, निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा. काही डावीकडे वळलेली, काही उजवीकडे. डावी ध्रुवांजवळ, उजवी जरा उबदार पाण्यात. अनेक दशकं समज असा की प्रजाती एकच, पाणी कोमट झालं की वळण बदलतं. ह्या डाव्या-उजव्याच्या प्रमाणावरून जुन्या समुद्रांचं तापमान काढायचे. २००६ मध्ये डार्लिंग आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे दाखवलं की ह्या दोन वेगळ्या प्रजाती आहेत, थोडे उलट वळलेले अपवाद सोडून. आता गंमत. उजव्या प्रजातीला नवं नाव शोधावं लागलं नाही. सिफेली ह्यांनी १९६१ मध्येच, नुसतं कवच बघून, इनकॉम्प्टा असं नाव देऊन ठेवलं होतं. लोकांनी ते बासनात गुंडाळलं होतं. म्हणजे इथे कवच बघणारा बरोबर निघाला, आणि एकत्र करणारे तोंडघशी पडले.

सांगायचं एवढंच की डीएनए कधी फोडतो, कधी कवचवाल्यांची पाठ थोपटतो.

अळूचं_फदफदं

मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही पण वाचायला मजा येतेय. हे सगळं सुरू कोणी केलं? एवढ्याशा गोष्टींना नाव द्यावंसं कोणाला वाटलं?

जुनी_पानं

अळू, माझा आवडता माणूस आला. आल्सिद दॉर्बिन्यी. १८२६ मध्ये, वय अवघं चोवीस, त्याने 'फोरॅमिनिफेर' हा गट केला. पण केला कुठे? माखल्या आणि नॉटिलस ज्यात येतात त्या शीर्षपादांच्या वर्गात! त्याला वाटलं ही इवली इवली नॉटिलसंच. लोकांना भिंगातून दिसेना म्हणून त्याने शंभर फोरॅमच्या मोठ्या केलेल्या प्रतिकृती कोरून प्लास्टरमध्ये काढल्या. आतला जीव म्हणजे एकच पेशी आहे हे १८३५ मध्ये दुजार्दिन ह्यांनी दाखवलं. गट चुकीच्या घरात गेला होता, पण दॉर्बिन्यीची कितीतरी नावं आजही चालतात.

सगळी नाही. त्याचं 'मेनार्डी' घ्या. १८२६ च्या यादीत नाव आहे, प्रतिकृतीही केली, पण वर्णन लिहिलं नाही. म्हणून ते नाव त्याच्या खात्यावर धरत नाहीत. पार्कर, जोन्स आणि ब्रेडी ह्यांनी १८६५ मध्ये ते रीतसर केलं, म्हणून श्रेय त्यांना.

दगडांबद्दलचं कुतूहल तर फारच जुनं. स्ट्रॅबोने लिहून ठेवलंय की पिरॅमिडांपाशी मसुरीसारखे दगड दिसतात आणि लोक म्हणतात ते मजुरांच्या जेवणाचं उरलेलं, दगड झालेलं.

पेठकर_शंकासुर

नाव देऊन बसले आणि जीवच नव्हता असंही झालंय. कॅनडातल्या अतिप्राचीन खडकात हिरवे-पांढरे पट्टे सापडले. डॉसन ह्यांनी १८६५ मध्ये त्याला 'इओझून कॅनाडेन्स' नाव दिलं: पहाटेचा प्राणी, राक्षसी फोरॅम. डार्विननेही आपल्या ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत दखल घेतली. किंग आणि रौनी ही गॉलवेची जोडगोळी लगेच ओरडू लागली की हे खनिज आहे. शेवटी व्हेसुव्हियस ज्वालामुखीने बाहेर फेकलेल्या चुनखडीच्या तुकड्यांत अगदी तसेच पट्टे मिळाले. उष्णतेने झालेली खनिजांची कारागिरी, जीव नाहीच.

जुनी_पानं

शंकासुर, मग कर्कपॅट्रिकला का सोडलंत? लंडनच्या म्युझियममधला, स्पंजांचा जाणता माणूस. त्याला आधी एका खडकात न्यूम्युलाइट दिसली, मग दुसऱ्यात, मग ज्वालामुखीच्या खडकांत, मग उल्कांत. १९१२ पासून त्याने 'न्यूम्युलोस्फिअर' नावाने पुस्तकंच काढली: पृथ्वीचं सगळं कवच न्यूम्युलाइटचं. लोकांनी वेड्यात काढलं ते योग्यच. मात्र स्पंजांवरचं त्याचं एक निरीक्षण पुढे खरं ठरलं, तेही ह्या वेडापायी बरीच वर्षं कोणी बघितलं नाही.

नाशिकची_काळी_माती

त्याच्या हिशोबाने ब्रह्मगिरीही न्यूम्युलाइटचा! आमच्याकडे बेसाल्ट सोडून काही नाही. फोरॅमवाल्यांचं आमच्या दख्खनशी काही देणंघेणं आहे का, की सगळं कच्छ आणि इटली?

उत्तरध्रुव

आहे, आणि ताईंच्या प्रश्नाचा गाभाच त्यात आहे.

डायनोसॉर संपले त्या दोन भूशास्त्रीय काळांच्या सीमेवर तरंगते फोरॅमही मोठ्या संख्येने संपले. वाद होता कसे: एका झटक्यात की हळूहळू? यान स्मिट म्हणत, झटक्यात. उल्का पडली, बहुतेक सगळं संपलं. गेर्टा केलर म्हणत, काही प्रजाती आधीच गेल्या होत्या, काही पुढेही राहिल्या, दख्खनच्या ज्वालामुखींचा हात बघा. दोघांनी ट्युनिशियातला एल केफचा तोच थर बघितला होता. तरी याद्या जुळेनात.

मग रॉबर्ट गिन्सबर्ग ह्यांनी तोडगा काढला. एल केफचे नमुने घेतले, कुठला सीमेच्या वरचा आणि कुठला खालचा हे लपवलं आणि चार स्वतंत्र तज्ज्ञांना दिले. ओळखा आणि याद्या पाठवा. निकाल १९९७ मध्ये छापून आला. चौघांच्या याद्या चार तऱ्हेच्या! एकाने जिथे एक प्रजाती लिहिली तिथे दुसऱ्याने दोन. प्रत्येकाच्या यादीत काही प्रजाती सीमेच्या आधीच गायब, पण कुठल्या ह्यावर एकमत नाही. केलर म्हणाल्या, बघा, चौघांनाही आधीच गळती दिसते. स्मिट म्हणाले, चौघांच्या याद्या एकत्र करा, एकाला न दिसलेली दुसऱ्याला शेवटच्या नमुन्यात दिसलीच आहे. दोघेही आपापल्या जागी विजयी.

आता दख्खन. राजमुंद्रीजवळ लाव्हाच्या दोन थप्प्यांमध्ये सागरी गाळाचा थर आहे. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे झिलमिलीलाही तसाच. तिथे केलर ह्यांच्या गटाला सीमेनंतरच्या अगदी पहिल्या काळातली फोरॅम मिळाली. म्हणजे खालचा लाव्हा त्याआधीचा, वरचा नंतरचा. लाव्हाचं वय एवढ्याशा कवचांनी बांधून दिलं. उद्रेक आणि विनाश ह्यांचं नातं काय हा वाद अजून मिटलेला नाही, पण नाशिककर, तुमच्या काळ्या मातीच्या जन्मपत्रिकेत फोरॅमचा अंगठा आहे.

ह्या काळातलं मुख्य फोरॅम युगुबिना. इटलीतल्या गुब्बिओ गावावरून १९६४ मध्ये नाव दिलेलं. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यातलाच उंच फटीसारखं तोंड असलेला प्रकार ब्लो ह्यांनी १९७९ मध्ये लाँगिअपर्चुरा म्हणून वेगळा केला. १९९९ च्या मोठ्या सचित्र संग्रहात ऑल्सन आणि सहकाऱ्यांनी तो परत युगुबिनात घातला. केलर वेगळाच ठेवतात. आता सांगा, सीमेनंतर किती नव्या प्रजाती आल्या? कोणाची यादी वापरता त्यावर आहे.

तर्ककर्कश

मी हेच म्हणत होतो. चार तज्ज्ञ, चार याद्या. धाग्याचा निकाल लागला, चहा घ्या.

निवृत्त_सूक्ष्मजीवी

चहा घेतो, निकाल मानत नाही.

तर्ककर्कश, एल केफमध्ये मतभेद कुठे झाले ते बघा. दुर्मीळ प्रजातींत आणि बारीक कवचांत. साधी चाळणी ६३ मायक्रॉनची असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा). सीमेनंतरची ही पिल्लावळ इतकी लहान की ३८ मायक्रॉनची चाळणी घ्यावी लागते, नाहीतर पाण्याबरोबर मोरीत जाते. शे-दोनशे कवचांत एखादीच असलेली प्रजाती एकाच्या ट्रेमध्ये येते, दुसऱ्याच्या येत नाही. ओळखीचा प्रश्न होताच, पण अर्धा प्रश्न मोजणीचा होता.

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. विहीर खणताना जो चुरा वर येतो तो आम्ही भिजवायचो, धुवायचो, ओव्हनमध्ये वाळवायचो, मग काळ्या ट्रेवर पसरून ओल्या ००० नंबरच्या ब्रशने एकेक कवच उचलायचं आणि चौकटी आखलेल्या स्लाइडवर चिकटवायचं. पण वरच्या थरांचे तुकडे सुटून खालच्या चुऱ्यात मिसळतात. म्हणून एखादी प्रजाती खाली कुठवर दिसते ह्यावर भरवसा नाही. वरून खाली जाताना ती पहिल्यांदा कुठे भेटली, तेच धरायचं. म्हणजे तिचा शेवट. एका विहिरीत तो शेवट ठरवला की शेजारच्या विहिरीत किती खोलीवर, कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर भेटेल ते सांगता येतं. आणि भेटते. मुंबई हायच्या मायोसीन चुनखडीसारख्या थरांची वयं अशीच लागतात. जी नावं नुसती सोयीची फाइल होती ती दुसऱ्या विहिरीत कामाला येत नाहीत, आपोआप मरतात. जी टिकतात त्यांच्यामागे निसर्गात काहीतरी आहे.

आणि खात्री नसेल तर कोणी नाव दामटत नाही. नावाआधी 'सी.एफ.' लिहिलं म्हणजे बहुधा तीच. 'ॲफ.' म्हणजे जवळची पण वेगळी वाटतेय. 'एस.पी. ए' म्हणजे वेगळी आहे, नाव नंतर बघू. माझ्या वहीत एक 'एस.पी. ए' निवृत्तीपर्यंत 'एस.पी. ए'च राहिली.

उत्तरध्रुव

काकांशी सहमत, पण एका बाबतीत ताई पूर्ण चुकत नाहीत. ऑर्बुलिना घ्या. शेवटचा कप्पा हा पूर्ण गोळा, आधीचं सगळं कवच त्याच्या पोटात. हे फोरॅम साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी ग्लोबिजेरिनॉइडीससारख्या पूर्वजापासून झालं. ब्लो ह्यांनी १९५६ मध्ये मधल्या पायऱ्या दाखवल्या: शेवटचा कप्पा आधीच्या कप्प्यांना थोडं झाकतो, मग अर्धं, मग जवळजवळ सगळं, मग गोळा. एकामागून एक थरात हे घडताना दिसतं. प्रिऑर्बुलिना (मधल्या पायऱ्यांचं नाव) कुठे संपली आणि ऑर्बुलिना कुठे सुरू झाली? किती झाकलं म्हणजे झालं, ती रेघ माणसानेच मारली. रेघ मान्य आहे, जगभर एकच वापरतात, पण ती निसर्गाने आखलेली नाही.

चुनखडी

हे मला पटतंय. म्हणजे दोन वेगळे वंश शेजारी जगत असतील तर त्यांच्यातली रेघ निसर्गाची, पण एकच वंश काळात पुढे सरकत असेल तर मधली रेघ आमच्यासारख्यांची. आर्थिक वर्ष ३१ मार्चलाच का संपतं, तसं.

तर्ककर्कश

ताई, तुम्ही फितूर झालात.

अळूचं_फदफदं

अवांतर. मला नवी प्रजाती सापडली तर बायकोचं नाव देता येईल का? लग्नाचा वाढदिवस जवळ आलाय.

निवृत्त_सूक्ष्मजीवी

येईल. नावाच्या शेवटी स्त्रीसाठी 'ए-ई' लावायचं, पुरुषासाठी 'आय'. कच्छी, मराठी कुठलाही शब्द चालतो, लिपी मात्र लॅटिन. स्वतःचं नाव द्यायला नियमात थेट बंदी नाही, पण कोणी देत नाही, हसतात लोक. वर्णन छापावं लागतं, जवळच्या प्रजातींपेक्षा वेगळी कशी ते लिहावं लागतं आणि एक नमुना होलोटाइप म्हणून नेमून संग्रहालयात ठेवावा लागतो. लोकांना वाटतं होलोटाइप म्हणजे सगळ्यात देखणा नमुना. तसं नाही. नाव त्या एका कवचाला बांधलेलं असतं, बस्स. उद्या कोणी प्रजाती फोडली, तर ज्या तुकड्यात होलोटाइप जाईल त्याला जुनं नाव.

वाढदिवसापर्यंत मात्र होणार नाही. अशा निबंधांना वर्ष जातं.

जुनी_पानं

आणि लिंग जुळवायला विसरू नका! दॉर्बिन्यीने १८३९ मध्ये लालसर फोरॅमला ग्लोबिजेरिना रुब्रा म्हटलं, ग्लोबिजेरिना स्त्रीलिंगी म्हणून. पुढे ते ग्लोबिजेरिनॉइडीसमध्ये गेलं, तो पुल्लिंगी, म्हणून रुबर. माणसांच्या नावावरून असेल तर बदलत नाही, म्हणून बेक्कारी कुठेही बेक्कारीच.

टवाळपक्षी

शाळेत 'नामाप्रमाणे विशेषण चालवा' म्हणून पट्ट्या खाल्ल्या. तिथेही सुटका नाही.

मांडवीकाठ

पांढरं रुबर नावाचं प्रकरणही २०१९ मध्ये फोडलंय. गुलाबी ते रुबर रुबर, पांढरं ते रुबर आल्बस. म्हणजे 'लाल पांढरा'. नियम पाळल्यावर असं होतं.

नाशिकची_काळी_माती

एवढ्या नावांचा हिशोब ठेवतं कोण?

जुनी_पानं

एलिस आणि मेसिना ह्यांनी १९४० पासून न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातर्फे फोरॅमचा कॅटलॉग काढायला घेतला. प्रत्येक नावाचं मूळ वर्णन आणि मूळ चित्र, कुठल्या का भाषेतलं असेना. त्यावर मत द्यायचं नाही, फक्त जसंच्या तसं ठेवायचं. माझ्या मते ह्या विषयातलं सगळ्यात नि:स्वार्थी काम. मत देण्याचं काम लोबलिक आणि टॅपन ह्या नवरा-बायकोने केलं, वंशांची वर्गवारी करून, १९६४ मध्ये एकदा आणि १९८८ च्या सुमारास पुन्हा. आपलीच आधीची मतं बरीच बदलून.

ह्याच्या उलट टोक म्हणजे हेकेल. चॅलेंजर ह्या संशोधन-जहाजाने आणलेल्या रेडिओलारियांवर (हेही समुद्रातले एकपेशीय जीव) १८८७ मध्ये ग्रंथ काढला आणि साडेतीन हजारांहून जास्त नव्या प्रजाती जाहीर केल्या. चित्रं अप्रतिम, पण काट्यांची संख्या आणि छिद्रांची ठेवण ह्यांचे तक्ते करून रकाने भरावेत तशी नावं. त्यातली कितीतरी पुन्हा कोणाला ओळखता आली नाहीत. चुनखडीताईंचा आरोप कोणावर बसत असेल तर ह्या एका माणसावर.

तर्ककर्कश

एका माणसावर साडेतीन हजार. मी माझी चहाची ऑर्डर मागे घेत नाही.

चुनखडी

मूळ मुद्द्यावर येते. भाचीने तुमची युक्ती करून बघितली. मोठं नाणं ताडकन उडालं, कपाटाखाली गेलं. दुसरं मात्र सुरेख सुटलं. मधला कप्पा मला भिंगातून दिसला नाही, छोट्याचा मात्र स्पष्ट टिंबासारखा दिसला. म्हणजे मोठं बी, छोटं ए, बरोबर?

आता लेबलवर काय लिहायचं? तिचे सर म्हणतात दोन्ही नावं लिही. ती म्हणते एकच.

निवृत्त_सूक्ष्मजीवी

अगदी बरोबर. लेबलवर आधी थराचं नाव, गाव आणि थरातली उंची लिहा, ती कधी बदलत नाही. मग प्रजाती. जोडी सिद्ध झालेली असेल तर जुनं नाव आणि पुढे 'ए रूप' किंवा 'बी रूप'. जोडी पक्की नसेल तर सरांचं ऐका, दोन्ही वेगवेगळी लिहा. आणि आधीच्या माणसाने लिहिलेलं लेबल फाडू नका, खाली आपलं जोडा. लंडनच्या जुन्या स्लाइडवर एकाखाली एक तीन-चार हस्ताक्षरं असतात.

उत्तरध्रुव

मी इथे सरांच्या विरुद्ध. जोडी नक्की माहीत असताना दोन नावं लिहिली की पुढचा माणूस ती दोन प्रजाती म्हणून मोजतो, आणि विविधता फुगते. ताई, कुठली नावं आहेत ते सांगा, मग बोलू.

चुनखडी

तिला विचारून उद्या टाकते. फोटोही काढते, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याने पडदे नीट येत नाहीयेत.

निवृत्त_सूक्ष्मजीवी

चकतीवर पाण्याचा एक थेंब टाका, उजेड बाजूने येऊ द्या. शेजारी पट्टी ठेवा, मिलिमीटर दिसले पाहिजेत. पट्टीशिवाय आलेल्या फोटोवर मी मत देत नाही.